बाकी 48 पौंड

गौरीजेवणाची पंगत उठत आली आहे. बाहेर ड्राइव्हवेवर कुणाच्या तरी गाडीचं दार सताड उघडं आहे आणि आत एक पाठ वाकलेली आहे. डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय गावात राहणारी मराठी माणसं हे दृश्य पाहून घाबरत नाहीत. चोर नाही, वजनकाटे आहेत.

चष्मा कपाळावर चढवून ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर वाचत असतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर ते असतंच. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाता कामा नये, ते त्यावर छापलेलं असतं. बहुतेक मालकांनी गाडी विकेपर्यंत ते वाचलेलं नसतं. वजनकाटे वाचतात आणि मग घरात येऊन, पुरणपोळीवर तूप वाढून घेणाऱ्या त्या मालकाकडे कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात धरलेल्या डॉक्टरसारखे पाहतात.

“अकराशे ऐंशी,” ते हलक्या आवाजात सांगतात. “तुम्ही सहा जण आलात ना एका गाडीतून? जाताना जपून जा.”

त्यांचं खरं आडनाव चारचौघांसारखं आहे, पण ते आता फक्त त्यांच्या पासपोर्टवर उरलं आहे. आणि हा माणूस केवळ मिशिगनातच सापडतो असंही नाही. पुण्यात तो मिक्सर घ्यायला जाताना वॅट आणि वॉरंटीचा तक्ता खिशात नेतो. डोंबिवलीत तो बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये स्वतःची टेप काढून कार्पेट मोजतो आणि मागे उभ्या असलेल्या चार कुटुंबांना खोळंबून ठेवतो. लग्नाच्या बोलणीत तोच हॉलवाल्याला विचारतो, “जनरेटर किती केव्हीएचा?” प्रत्येकाच्या नात्यात असा एक तरी असतो. फरक इतकाच की तो अमेरिकेला गेला, पोरं हायस्कुलात गेली आणि घराचे हप्ते संपत आले, की मिक्सर त्याला पुरत नाही. त्याला ट्रेलर लागतो. तोही बंदिस्त.

दुखण्याचं मूळ 1978 सालच्या एका प्रीमियर पद्मिनीत आहे. मुळात ही इटलीची फियाट 1100. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात ‘डिलाइट’ म्हणून बनवली आणि 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. 1089 सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर, पुढे सोफ्यासारखी सलग सीट आणि वजन जेमतेम 900 किलो. पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारीला अमेरिकेचे सुरक्षानियम आड येत नाहीत. या सवलतीचा फायदा घेऊन वजनकाट्यांनी एक फिकट निळी पद्मिनी न्हावाशेवाहून कंटेनरमध्ये घालून आणली. लोक आयफेल टॉवरची प्रतिकृती आणतात, यांनी पद्मिनी आणली. इथपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती.

मग प्रश्न आला: हिला प्रदर्शनांना, मेळ्यांना, मराठी मंडळाच्या मिरवणुकांना न्यायची कशी? ‘चालवत’ हे उत्तर ज्याच्या मनात आलं, त्याला वजनकाटे कळलेच नाहीत.

“रस्त्यावर मीठ असतं,” ते म्हणतात. ते खोटं नाही. मिशिगनात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात आणि गाड्या खालून पापडासारख्या कुरकुरीत होतात. खुद्द डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे 1,200 फूट खोल, मिठाची प्रचंड खाण आहे. वजनकाट्यांना त्या खाणीचा असा काही राग आहे की जणू ती त्यांच्या पद्मिनीसाठीच खणली. मात्र हिवाळ्यात पद्मिनी कुठल्याच प्रदर्शनाला जात नाही आणि एप्रिलपर्यंत गॅरेजात रजई पांघरून असते, हे त्यांना सांगायला जाऊ नये. उत्तरादाखल गंजाचे फोटो पाहावे लागतात.

उघडा ट्रेलर घेतला असता तर प्रकरण एका शनिवारात मिटलं असतं. मोटार वाहून नेणारा साधा लोखंडी उघडा ट्रेलर दोन हजार पौंडांच्या आसपास भरतो. त्यावर पद्मिनीचे दोन हजार धरले तरी चार हजार. त्यांच्याकडे तेव्हा जी तीन रांगांची एसयूव्ही होती, ती पाच हजार पौंड ओढायची. हसतखेळत काम झालं असतं. पण उघड्यावर ऊन लागतं, पाऊस लागतो, ट्रकच्या चाकाखालचे खडे उडतात. म्हणून बंदिस्त. वीस फुटी बंदिस्त लोखंडी ट्रेलर रिकामाच साधारण 3,400 पौंडांचा. म्हणजे ओझ्यापेक्षा हमालच जड! त्यात पद्मिनी, जॅक, पट्टे, हत्यारांची पेटी आणि जादा टायर धरून बेरीज झाली 5,600. पाच हजारांची एसयूव्ही बाद. दोन हजार पौंडांची, चाळीस हॉर्सपॉवरची गाडी न्यायला आता आठ-नऊ हजार पौंड ओढणारी एसयूव्ही हवी. म्हणजे साडेआठ हजारांच्या आतबाहेरची टाहो किंवा ओढायचं पॅकेज घेतल्यास नऊ हजारांच्या पुढे जाणारी एक्स्पिडिशन वा सेक्वोया. वजनकाटे वहिनींनी ही साखळी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, “म्हणजे पद्मिनीसाठी ट्रेलर, ट्रेलरसाठी गाडी, आणि गाडीसाठी?”

“गॅरेज वाढवावं लागेल,” वजनकाटे म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला नव्हता.

इथून पुढचे चौदा महिने मंडळाच्या सभासदांनी जे सोसलं, त्याची नोंद कुठल्याही अहवालात नाही. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याची प्लेट हातात घेऊन उभ्या असलेल्या सरळमार्गी माणसाला वजनकाटे गाठायचे आणि ट्रेलरच्या ‘जिभेचं वजन’ समजावून सांगायचे. ट्रेलरचं पुढचं त्रिकोणी टोक, ज्यानं तो गाडीच्या मागच्या गोळ्यावर टेकतो, त्याला इंग्रजीत जीभच म्हणतात. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार या जिभेवर आला पाहिजे. दहाच्या खाली गेला तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा का शेपूट हलली की तीच पुढच्या गाडीला रस्त्याबाहेर नेते. भार फार झाला तर गाडीचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

“जिभेचं वजन मला रोज झेपतंय,” वहिनी म्हणायच्या आणि दुसऱ्या गटात जाऊन उभ्या राहायच्या.

खरी मेख पुढे होती आणि ती वजनकाट्यांनी पकडली हे कबूल केलं पाहिजे. जाहिरातीत गाडी किती ओढते ते मोठ्या अक्षरांत असतं. पण जिभेचा भार गाडीच्या पाठीवर पडतो आणि तो त्या पिवळ्या स्टिकरच्या आकड्यातून वजा होतो. नऊ हजार ओढणाऱ्या गाडीचं स्टिकर कधी कधी चौदाशेसुद्धा म्हणत नाही. म्हणजे ओढायची ताकद भरपूर, पण आत माणसं बसवायला जागा उरत नाही. ट्रेलर विकणारा हे सांगत नाही, गाडी विकणारा तर त्याहून नाही. त्यातून कंपनी तीच पण मॉडेल वरचं घेतलं, काचेचं छप्पर आणि मसाज करणारी सीट घेतली, की त्या सोयींचंच वजन वाढून स्टिकरवरचा आकडा घसरतो. तेव्हापासून वजनकाट्यांनी लोकांच्या गाड्यांची दारं उघडायला सुरुवात केली. आधी मित्रांची. मग मित्रांच्या मित्रांची. मग मॉलच्या पार्किंगमध्ये, मालकाची परवानगी घेऊन. एकदा परवानगी घ्यायच्या आधीच.

लोकांनी या व्याधीला ‘स्टिकरदर्शन’ हे नाव ठेवलं. नवी गाडी घेतली की पेढे द्यायचे, नारळ फोडायचा आणि वजनकाट्यांना बोलवायचं. आकडा चांगला निघाला तर ते मालकाच्या खांद्यावर थोपटत. सोळाशेच्या वर आकडा असलेल्या एका साध्या कापडी सीटच्या गाडीपुढे तर ते देवळात उभं राहावं तसे उभे राहिले होते.

ट्रेलर घ्यायला ते इंडियानातल्या एल्कहार्टला गेले. मोटारघरं आणि ट्रेलर बनवणारे कारखाने त्या भागात असे दाटीनं आहेत की आपल्याकडे इचलकरंजीत माग आठवावेत. दुसरा असाच पट्टा दक्षिण जॉर्जियात आहे. तिथला माल स्वस्त मिळतो हे ऐकून वजनकाट्यांनी दोन्हीकडचे नकाशे, डिझेलचा खर्च आणि दोन प्लायवुडचे नमुने यांची तुलना केली होती. एल्कहार्टच्या दुकानातल्या विक्रेत्यानं विचारलं, “गाडी कुठली?”

“पद्मिनी.”

त्यानं दोनदा उच्चारून पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, “इटालियन?”

वजनकाटे क्षणभर थांबले. मग म्हणाले, “मूळची, हो.”

पुढचा तासभर त्या माणसानं त्यांना शर्यतीच्या गाड्यांचे ट्रेलर दाखवले. पांढरे चकचकीत पत्रे, आत कपाटं, फरशी बुद्धिबळाच्या पटासारखी. वजनकाट्यांनी कशाकडे पाहिलं नाही. ते गुडघ्यांवर बसून खाली शिरले आणि फ्रेमच्या आडव्या पट्ट्या सोळा इंचांवर आहेत की चोवीस, हे मोजू लागले. ब्रेक दोन्ही आसांना आहेत की एकालाच? ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारी बॅटरी चार्ज आहे का? टायरवर छापलेल्या चार आकड्यांवरून तो कुठल्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला, हे त्यांनी त्याला वाचून दाखवलं. टायर विक्रेत्याच्या नोकरीपेक्षा जुने निघाले. वाटेत एकदा त्यांनी त्याच्या पिकअपचं दारही उघडलं. तो काही बोलला नाही. बहुधा इटालियन गाडीवाले असेच असतात असं त्याला वाटलं असावं.

पण व्यवहार अडला तो एका झडपेवर. बंदिस्त ट्रेलरमध्ये गाडी चालवत आत नेली की बाहेर कसं यायचं, हा जगभरच्या ट्रेलरवाल्यांचा सनातन प्रश्न आहे. दोन्ही बाजूंना भिंत, मध्ये चाकांवरचे उंचवटे, गाडीचं दार अर्धंच उघडतं. म्हणून ट्रेलरच्या भिंतीत चालकाच्या दारासमोर मोठी झडप ठेवतात. ती उघडली की दार बाहेर उघडतं आणि माणूस सुटतो. अमेरिकन चालक डावीकडे बसतो, म्हणून झडप डावीकडे. पद्मिनीचा चालक बसतो उजवीकडे.

गाडी उलटी, मागे मागे घेत आत न्यावी तर चालक बरोबर डाव्या झडपेसमोर येतो. वजनकाट्यांनी एका रात्री हा शोध लावला आणि सकाळी स्वतःच तो रद्द केला. पद्मिनीचं इंजिन पुढे. ती उलटी नेली की इंजिन ट्रेलरच्या शेपटाकडे जातं, जिभेवरचा भार दहा टक्क्यांच्या खाली येतो. म्हणजे पुन्हा शेपूट. अखेर उजवीकडे झडप असलेला ट्रेलर खास बनवून घ्यायचा ठरला. जादा पैसे आणि अकरा आठवडे. त्या अकरा आठवड्यांत त्यांनी कागदाच्या पट्ट्या कापून पद्मिनीच्या दारांचे कंस जमिनीवर आखले. घराच्या गॅरेजात आजही खडूच्या खुणा आहेत.

याच सुमारास त्यांचे वडील डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आले.

ट्रेलर ड्राइव्हवेवर उभा राहिला, त्या दिवशी अर्धी गल्ली पाहायला आली. वजनकाट्यांनी मागचा रॅम्प उतरवला, पद्मिनी चालू केली, चोक ओढला आणि इंचाइंचानं तिला आत नेलं. अगदी मापात. इंजिन बंद केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की उजवी झडप बाहेरून बंद आहे. तिची कडी बाहेरून उघडायची असते आणि ती उघडून ठेवायची नोंद त्यांच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकावर होती. ते सतराव्यावर होते. वहिनी आत फोनवर होत्या. गल्ली हसावं की नाही या विचारात होती.

ट्रेलरच्या तोंडाशी उभे असलेले बाबा आत डोकावले. “अरे, सरक की पलीकडे.”

“काय?”

“सलग सीट आहे. डावीकडे सरक आणि त्या दारानं उतर. टॅक्सीवाले तेच करायचे. गिअर वर दांडीवर कशाला ठेवलाय मग?”

आतून बराच वेळ आवाज आला नाही. चौदा महिने, दोन राज्यं, जादा झडप, अकरा आठवडे, आणि खडूचे कंस. मग सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. वजनकाटे डावीकडे सरकले, दार उघडलं, दार वीसेक इंचांवर भिंतीला टेकलं आणि वजनकाटे त्या वीस इंचांत अडकले. त्यांनी दारं मोजली होती, टायर मोजले होते. पोट मोजायचं राहिलं होतं. शेवटी वहिनींनी फोन कानाशी तसाच ठेवून उजवी झडप उघडली, तेव्हा अकरा आठवड्यांचं सार्थक झालं.

बाबा मात्र नंतर दोनदा डावीकडून चढून उजवीकडे आणि उजवीकडून सरकून डावीकडे उतरून दाखवत होते. वय एक्क्याऐंशी, वजन 140 पौंड.

घरमालक संघटनेचं पत्र आठवड्याच्या आत आलं. ड्राइव्हवेवर ट्रेलर ठेवता येणार नाही. ट्रेलर चौदा मैलांवरच्या एका भाड्याच्या आवारात गेला. त्यामुळे पुढची गंमत अशी झाली. डेट्रॉइटच्या वूडवर्ड अव्हेन्यूवर 1995 पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरतो. ट्रॉयपासून तो रस्ता पाच-सहा मैलांवर. पद्मिनीला तिथं न्यायला वजनकाटे आधी चौदा मैल जाऊन ट्रेलर घेऊन आले, तास-दीड तास खपून पद्मिनी चढवली, सहा मैल नेली, तासभर ट्रेलर लावायला जागा शोधली आणि पद्मिनी उतरवून वूडवर्डवर पाऊण तास चालवली. जवळून गेलेल्या एका म्हाताऱ्या अमेरिकनानं काच खाली करून विचारलं, “हे काय आहे?” वजनकाट्यांनी सांगायला सुरुवात केली. सिग्नल तीनदा हिरवा झाला.

मिशिगनात जुन्या गाडीची खास नंबरप्लेट असेल तर ऑगस्ट महिन्यात ती रोजच्यासारखी कुठेही चालवता येते. हा नियम मंडळातल्या एकानं त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “पाऊस आला तर?”

बाबांना हेच कळत नव्हतं. ते एकदा ट्रेलरमध्येच पद्मिनीत बसले, पुढच्या सीटवर, हात स्टिअरिंगवर. फियाटसाठी त्यांनी वर्षानुवर्षं नंबर लावला होता. त्या काळी मोटार विकत घेत नसत, तिची वाट पाहत. नंतर सहा-सात जण आणि टपावर होल्डॉल घेऊन तिनं महाबळेश्वर केलं होतं. बोरघाटात मे महिन्यात ती तापायची, पेट्रोलची वाफ व्हायची, मग आई फियाटच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळायची आणि मुलं रस्त्याच्या कडेला करवंदं तोडायची. जुलैत दादरला गुडघाभर पाण्यातून तीच गाडी यायची, डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून. “आणि हा तिला पावसाचा थेंब लागू देत नाही,” बाबा म्हणाले. कौतुकानं म्हणाले की कंटाळून, हे वहिनींना कळलं नाही.

वजनकाट्यांनी त्यांना ओढण्याच्या क्षमतेची प्रमाणित चाचणी कशी असते ते सांगितलं. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ एक सुमारे साडेअकरा मैलांचा चढ आहे. निदान शंभर फॅरनहाइट उष्णता हवी, एसी पूर्ण चालू हवा, मागे ट्रेलर हवा, आणि गाडीचा वेग ठरावीक मर्यादेखाली जाता कामा नये. आत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी दीडशे पौंडांचे धरतात.

“आणि फडकं कोण गुंडाळतं?” बाबांनी विचारलं.

जिभेच्या वजनाचं प्रकरण मात्र बाबांना एका वाक्यात समजलं. “म्हणजे गाडी उलाळ होऊ द्यायची नाही. गावाकडच्या कुठल्याही गाडीवानाला विचार. कडबा मागे जास्त भरला की बैलांच्या मानेवरचं जू वर उचलतं.” वजनकाट्यांनी तो शब्द लिहून घेतला. आता ते मध्यंतरात वडेवाल्यांना तोच सांगतात.

त्या सप्टेंबरात शिकागोच्या गणपतीच्या मिरवणुकीसाठी पद्मिनी न्यायचं ठरलं. मूर्ती पद्मिनीतून निघायची होती. वजनकाट्यांनी शिकागोला फोन करून मूर्ती किती पौंडांची, हे विचारलं. पलीकडून बराच वेळ शांतता होती. मग उत्तर आलं, “अहो, देवाचं वजन विचारतात का?” यादीत मूर्तीपुढे प्रश्नचिन्ह आहे आणि बाजूला कंसात, अंदाजे.

निघण्याच्या आदल्या दिवशी ते हायवेवरच्या ट्रक थांब्यावर गेले, तिथं ट्रक तोलायचा मोठा काटा असतो. तीन वेळा वजन: एकटी एसयूव्ही, ट्रेलर जोडून, आणि मग भार पुढच्या चाकांकडे वाटणाऱ्या पोलादी दांड्या लावून. मागे अठरा चाकांचे चार ट्रक रांगेत होते. काटा चुकून ट्रकवाल्याला दंड झाला तर तो दंड ही काटा कंपनी भरते, हे वजनकाट्यांनी मागच्या ड्रायव्हरला खाली उतरून सांगितलं. त्यानं जे उत्तर दिलं ते छापता येणार नाही. घरी फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली त्या तीन पावत्या अजून आहेत.

आणि मग रात्री त्यांनी तो हिशेब मांडला, जो मंडळात आता पाठ आहे. नव्या एसयूव्हीचं पिवळं स्टिकर: 1,550. त्यातून जिभेचं वजन, 5,600 चे बारा टक्के: 672. जोडणीच्या साहित्याचे 90. राहिले 788. वजनकाटे 190, वहिनी 145, मुलगी 135, मुलगा 130. राहिले 188. बाबा 140. बाकी 48 पौंड.

अठ्ठेचाळीस पौंडांत पाच जणांचे तीन दिवसांचे कपडे, बाबांची औषधं, पाण्याचा कूलर आणि चकल्यांचा डबा. वहिनींनी आणलेली दुसरी बॅग काट्यावर 31 भरली. ती घरी राहिली. त्यात पैठणी होती. शिकागोच्या मिरवणुकीत वहिनी सुती साडीत होत्या, पद्मिनी झेंडूच्या माळा घालून होती, आणि पुढच्या सलग सीटवर मूर्तीच्या बाजूला हात टेकून बाबा बसले होते. पाऊस आला. बारीक, मिनिटभर. वजनकाटे गाडीभोवती छत्री घेऊन धावत होते. बाबांनी काच खाली केली आणि हात बाहेर काढला.

फेब्रुवारीत बाबा डोंबिवलीत गेले. वजनकाटे गेले, तेरावं करून परत आले. त्या वसंतात कुणाच्याही ड्राइव्हवेवर कुठलंही दार उघडं दिसलं नाही. पहिल्यांदा लोकांना बरं वाटलं. मग अस्वस्थ वाटायला लागलं. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला आलेल्या निम्म्या लोकांनी आपापल्या गाड्यांना मुद्दाम कुलूप लावलं नव्हतं. एकानं तर चालकाचं दार बोटभर उघडं ठेवलं होतं. वजनकाटे त्याच्या शेजारून गेले, आणि जाता जाता त्यांनी ते दार नीट लावून टाकलं.

दार बोटभर उघडं ठेवलेल्या त्या गाडीचं स्टिकर त्यांनी अखेर जुलैत पाहिलं. 1,410. “चामड्याच्या सीट घेतल्यास ना,” ते त्या मालकाला म्हणाले, “भोग आता.” मंडळात दिवसभर ही बातमी फिरत होती.

सप्टेंबरात शिकागोचं पुन्हा आमंत्रण आलं. वहिनींनी दोन बॅगा भरून दारात आणून ठेवल्या. या वर्षी जागा होती, त्यांनी मनाशी हिशेब केला होता. वजनकाट्यांनी कागद काढला. आकडे तेच: 1,550, 672, 90. चौघांची वजनं, मुलगा सहा पौंडांनी वाढलेला, ते सहा वजनकाट्यांनी स्वतः उतरवलेले. खाली शेवटची ओळ: बाबा, 140. बाकी 48.

वहिनींनी कागद पाहिला. काही बोलल्या नाहीत.

दुसरी बॅग या वर्षीही घरी राहिली.